लवूचे हात

शिवातात्या ही गोष्ट सांगतात तेव्हा खळ्यात कोणी विडीसुद्धा पेटवत नाही. गुहागरजवळच्या वाडीतला धाकू त्यांचा शेजारी, नमन, म्हणजे कोकणातला गाण्या-सोंगांचा खेळ, करणाऱ्या मंडळाचा म्होरक्या. खोटं वाटलं तर उठून घरी जा, म्हणतात. अजून कोणी उठलेलं नाही.

सन २००३, एक फेब्रुवारी, शनिवार, त्यात अमावास्या. मंडळ मुंबईला निघालं होतं. शंभर वर्षांचं नाट्यगृह, लाकडी गॅलऱ्या, मखमली पडदा, आणि तिथे आपल्या वाडीचं नमन! धाकूनं जन्मभर ह्याचीच वाट पाहिलेली. मृदंग वाजवायचा त्याचा धाकटा भाऊ लवू. तो तापानं फणफणलेला.

लवूची बायको यमुनाबाई गाडीपुढे आडवी उभी राहिली. "भावजी, छातीत कळ मारतेय त्यांच्या. नका नेऊ."

"बाजूला हो. मेलाबिला तर आणून देईन परत."

वर हसला. दात पाडावेत असा हसला.

वाटेत लवू भडाभडा ओकला. धाकूनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "बरं झालं, रिकामा झालास. बोटं हलकी चालतील."

नाट्यगृहात पोचल्यावर धाकू रिकाम्या खुर्च्यांमधून नवरदेवासारखा फिरला. मग पडद्यामागे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. परक्या ठिकाणी जागेवाल्याला, म्हणजे ती जागा राखणाऱ्याला, विचारल्याशिवाय खेळ लावत नाहीत. आणि त्याच्याकडे मागायचं ते हद्द घालून, 'खेळ उठेपर्यंत' म्हणून. वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण तिसरी घंटा झाली आणि धाकू घाईत ओरडला,

"बा जागेवाल्या म्हाराजा, काय वाटेल ते होऊ दे, लवूचे हात थांबू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. लवूही म्हणाला.

पडदा उघडला. असा मृदंग त्या गॅलऱ्यांनी कधी ऐकला नसेल. गौळणीला लोक उभे राहिले. धाकू फुगला. मागे वळून त्यानं भावाकडे पाहिलं.

मान खाली. ओठ निळे. डोळे उघडे. बुबुळावर माशी बसलेली. पापणी हलेना.

हात चालूच.

धाकूला तेव्हाच कळलं. पडदा पाडता आला असता...

नाही पाडला.

साडेअकराला खेळ उठला. धाकूनं मांडीवरचा मृदंग काढून घेतला.

हात चालूच... हवेत.

"लवू..."

...

दोन्ही हात शेल्यानं करकचून बांधले, मगच डॉक्टरला बोलावलं. परतीची गाडी निघाली. शेल्याखाली बोटं हलत होती. घाट उतरेपर्यंत. उजाडेपर्यंत.

यमुनाबाईनं दारातच शेला सोडला. पाहिलं. रडली नाही.

"आणून दिलात, भावजी."

लवूला जाळला. दहाव्या रात्री रिवाजाप्रमाणे यमुनाबाईनं दिव्याशेजारी ताटात पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला कुठल्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. राखायला धाकू बसला. दाराला आतून कडी घातली.

पहाटे हाका मारल्या. ओ नाही. कडी मोडली.

टोपली जागच्या जागी. खालचं पीठ सपाट. पाऊल नाही, रेघ नाही.

धाकू भिंतीकडे तोंड करून पालथा पडलेला. उघड्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, पिठाचे तळवे. डावा, उजवा. डावा, उजवा. एकावर एक... मोजता येईनात इतके.