कीथची धून, बारा वाजून अठरा मिनिटं

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख. रविवार होता. दुपारी तीनच्या सुमारास लेस स्क्रटनचा फोन आला, की रेज, तुझा जुना रेकॉर्ड प्लेयर घेऊन संध्याकाळी घरी ये. आणि येण्याआधी त्याची सुई काढून ठेव.

"म्हणजे तो वाजणारच नाही," टॅमसिन म्हणाली.

वाजू नये म्हणूनच. ऐक पुढे. आणि कॅलम, ती हातातली तबकडी परत खोक्यात टाक. शनिवारी आपल्या गावच्या रेडिओ स्टेशनवरून जुन्या जहाजी निवेदकांच्या सगळ्या धुना वाजवायच्या असं तुम्ही ठरवलंय. वाजवा. ती एक सोडून.

"झालं, म्हातारबांचं सुरू झालं," कॅलम म्हणाला. "बाहेर अंधार पडला की यांना मेलेली माणसं आठवतात."

माझ्या वयाची जिवंत किती उरलीत ते मोज, मग बोल.

टॅमसिन पायानेच बाळाची गाडी हलवत होती. "सांगायचं तर हळू सांगा. हा आत्ता कुठे झोपलाय. उठला तर तुमच्या घरी आणून सोडीन."

हळूच सांगतो. मोठ्याने सांगण्यासारखं यात काही नाही. माझी बायको म्हणते, मी गोष्टीला तिखटमीठ लावतो. लावतही असेन, स्वतःबद्दल मला तेवढी खात्री नाही. पण या गोष्टीत लावलेलं नाही. झालंच तर थोडं गाळलंय.

लेस तुम्हाला माहीत होता तो धक्क्यावर लोकांच्या कुत्र्यांवर खेकसणारा म्हातारा म्हणून. साठ वर्षांपूर्वी तो 'मार्था'वर निवेदक होता. या वॉल्टनच्या किनाऱ्यापासून साडेतीन मैलांवर नांगर टाकून उभं असलेलं गंजकं जहाज, त्यावर चोरटं रेडिओ स्टेशन. मी पुरवठ्याच्या बोटीवर खलाशी. पाणी, बटाटे, नव्या तबकड्या पोचवायच्या आणि मळके कपडे परत आणायचे. हवा बिघडली की आठ-आठ दिवस बोट जायची नाही. मग जहाजावरचा माणूस धड आहे की नाही, हे किनाऱ्यावर कळायला एकच मार्ग. त्याची धून.

प्रत्येकाची वेगळी. पाळी सुरू होताना वाजायची. त्याबद्दल एक नियम होता, मालकाने घातलेला नव्हे, पोरांनी आपसात पाळलेला. ज्याची धून त्यानेच लावायची, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याने तिला शिवायचं नाही. आणि धून सुरू झाली की आधीच्याने खुर्ची सोडायची, डेकवर जायचं, नांगराची साखळी बघून यायचं, मगच झोपायचं. म्हणून इकडे किनाऱ्यावर कुणाची आई, कुणाची बायको रेडिओला कान लावून बसायची. धून वाजली की दिवा घालवायची.

थेल्मा त्यातली. तेव्हा ती लेसची बायको नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं कीथ ऑर्विसशी. कीथची पाळी रात्री बाराची. त्याची धून ऑर्गनची होती, सूर एकेक पायरी वर चढत जायचा, जसं कुणी बोटीतून शिडीने जहाजावर येतंय.

सहासष्ट सालच्या सतरा नोव्हेंबरला वादळ होतं. त्या रात्री कीथची धून वाजली, पण अठरा मिनिटं उशिरा. थेल्मा झोपली. दुसऱ्या दिवशी जहाजावरून निरोप आला, कीथ पहाटे लाटेबरोबर गेला. आम्ही बोट घेऊन दिवसभर शोधलं. काही नाही. दोन वर्षांनी तिने लेसशी लग्न केलं.

"दोस्ताची बायको पळवली म्हणजे," कॅलम म्हणाला.

दोस्त पाण्यात होता. पळवताना अडवणारं कोणी नव्हतं.

तर थेल्मा गेल्या ऑक्टोबरात हॉस्पिटलातून घरी आली, ती घरी मरायला. हृदय दमलं होतं. पुढच्या खोलीत तिचा पलंग टाकला होता. तिने लेसकडे एकच गोष्ट मागितली. कीथची धून एकदा ऐकव. लेस म्हणाला, ती तबकडी कधीच हरवली. ती म्हणाली, माळ्यावर आहे. तो म्हणाला, माळ्यावर उंदीर आहेत. शेवटी तिने नर्सबाईंना शिडी चढायला लावली. तबकडी सापडली. मग मला फोन.

साडेसहाला गेलो. धुकं असं, की घराचा नंबर हाताने चाचपावा लागला. सुई काडेपेटीत घालून कोटाच्या खिशात ठेवली होती. मित्राचं काम म्हणून केलं. कशासाठी, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचा मला अजून राग येतो.

"आलास, रेज?" थेल्मा म्हणाली. हाडांचा सापळा झाली होती. आवाज मात्र सुरीसारखा. "ठेव तिथे. माझ्या समोर."

लेसने तबकडी ठेवली. सुईची दांडी उचलली, टेकवली. नुसती घरघर. त्याने इतका दुःखी चेहरा केला, की मला लाज वाटली.

"सुई गेली वाटतं," तो म्हणाला.

"गेली, की नेली?"

"उद्या रेज नवीन आणेल ना."

"उद्या अठरा तारीख. मला आज ऐकायची होती."

"एका दिवसाने काय फरक पडतो, थेल्मा?"

"तुला कधीच पडला नाही."

धुक्यात गाडी काढायची सोय नव्हती, म्हणून मी राहिलो. स्वयंपाकघरात लेसने टोस्टवर बीन्स गरम करून दिले, चहा ओतला. अकरा वाजता त्याने दार लोटून घेतलं आणि बोलायला लागला. मी विचारलंही नव्हतं.

"त्या रात्री बाराला पाच कमी होते," तो म्हणाला. "साखळी करकरत होती. माझी पाळी संपत होती, म्हणजे डेकवर मी जायचं. माझी छाती होईना. कीथ दारात उभा, हातात तबकडी. मी म्हटलं, माझं बोलणं चालू आहे, आज साखळी तू बघून ये, तबकडी इथेच ठेव."

"आणि?"

"गेला. बारा वाजले. वर दहा मिनिटं झाली. आलाच नाही. मी कप्तानाला उठवलं. तो म्हणाला, आता ओरडलास तर सकाळी पोलीस जहाजावर चढतील आणि सगळ्यांच्या पोटावर पाय येईल. उजाडल्यावर सांगू. तोवर त्याची धून लाव."

"लावलीस तू?"

"लावली."

मी कप खाली ठेवला. मला कळायला थोडा वेळ लागला. किनाऱ्यावर धून वाजली. थेल्माने ऐकली. कीथ तेव्हा पाण्यात होता, कदाचित जिवंत होता, आणि तिने दिवा घालवला.

"वाजली नसती तर तिने अख्खं गाव उठवलं असतं," लेस म्हणाला. "लाइफबोट निघाली असती. हे तिला कळलं, तर ती मला त्या खोलीतून हाकलून देईल, रेज. मला दुसरं काही नको. शेवटी तिच्याजवळ मी बसलेलो असावं, एवढंच. म्हणून ती धून वाजायला नको."

मी त्याला काही वाईट बोललो नाही. बोलायला हवं होतं.

बाराला पाच कमी असताना आम्ही पुढच्या खोलीत गेलो. थेल्मा झोपली होती. लेस तिच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसला. मी खिडकीपाशी. प्लेयरचा प्लग मी स्वतः काढला. वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

बारा वाजले.

काही झालं नाही.

लेसने श्वास सोडला. माझ्याकडे बघून थोडासा हसला. सव्वाबारा झाले. मला डुलकी येऊ लागली होती...

बारा वाजून अठरा मिनिटांनी तबकडी फिरायला लागली.

आवाज नाही. नुसती फिरत होती. मग दांडी उचलली गेली. हळू. पुढे सरकली. टेकली.

ऑर्गन.

एक पायरी.

"सुईशिवाय?" कॅलमने विचारलं. आता त्याचा आवाज लहान झाला होता.

मी खिशात हात घातला. काडेपेटी होती. उघडली. सुई आत होती. माझ्या बोटाला टोचली.

दुसरी पायरी. तिसरी.

लेस हलला नाही. थेल्माचे डोळे उघडे होते. किती वेळापासून, माहीत नाही.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "टेकताना खर्र झालं नाही."

लेसची नजर दांडीवर होती.

"कीथच्या हातून कधीच व्हायचं नाही. तुझ्या हातून नेहमी व्हायचं. त्या रात्री झालं होतं."

"थेल्मा..."

"अठ्ठावन्न वर्षं मला वाटत होतं, मी चुकीचं ऐकलं असेन. एकदा नीट ऐकायची होती. खात्रीसाठी."

"मग माझ्याशी लग्न..."

"तू आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून."

धून चढत होती. सातवी. आठवी.

"मी खर्र ऐकलं आणि तरी दिवा घालवला," ती म्हणाली. "थंडी होती. पांघरुणातून बाहेर यायचा कंटाळा आला. माझं काय ते मी बघेन. तू ऊठ."

"मला बसू दे." लेसचा आवाज पोरासारखा झाला होता. "थेल्मा, मला इथे बसू दे. आजची रात्र."

"त्याची पाळी आहे, लेस. खुर्ची सोड."

तो उठला.

मी म्हणालो, "लेस, बस खाली." म्हणालो असं मला वाटतं. आवाज बाहेर पडला की नाही, सांगता येत नाही.

तो माझ्यासमोरून गेला. स्वयंपाकघरातून. मागचं दार उघडलं. धुकं आत आलं. बाहेर साडेचार फुटांचं परस आहे, भिंत आहे, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं शेड आहे. समुद्र दुसऱ्या बाजूला.

त्या परसात साखळी करकरली.

मग त्याची पावलं... चार. पाच.

मग नाही.

इकडे धून शेवटच्या पायरीवर आली. थांबली. आणि पलंगाजवळची रिकामी खुर्ची वाजली. कुणी दमून अंग टाकावं तशी.

मी वर बघितलं नाही. भित्रा म्हणा. मी चटईवरच्या एका फुलाकडे बघत राहिलो, त्याला सहा पाकळ्या आहेत.

"उशीर केलास," थेल्मा म्हणाली.

उत्तर मला ऐकू आलं नाही. तिला आलं असावं. कारण तिचा पुढचा आवाज बदलला होता. सुरी गेली होती.

"हो," ती म्हणाली.

बराच वेळ काही नाही.

"हो. ऐकलं होतं."

पुन्हा शांतता...

"हो," ती म्हणाली. "हो. हो. जागी होते."

उजाडेपर्यंत तिला कोण काय विचारत होतं, मला माहीत नाही. ती प्रत्येक वेळी हो म्हणत होती. मला उठता आलं नाही.

टॅमसिनने बाळाला गाडीतून उचलून घेतलं. ते झोपलेलंच होतं. आता तिने मला हळू बोला असं सांगितलं नाही.

सकाळी नर्सबाई आल्या. मागचं दार उघडं. लेसचा कोट खुंटीवर, बूट दाराशी. पोलीस आले, कोस्टगार्डने चार दिवस किनारा पिंजून काढला. म्हातारा माणूस, धुकं, बायको मरायला टेकलेली, असं सगळ्यांनी समजून घेतलं. थेल्मा त्यानंतर एकोणीस दिवस जगली. लेस कुठे आहे, असं तिने एकदाही विचारलं नाही. नर्सबाईंनी दोनदा ती खुर्ची ओढून बसायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा थेल्मा इतक्या जोरात किंचाळली, की शेजारी धावून आले.

दफन झाल्यावर मी प्लेयर आणायला गेलो. त्या रात्रीनंतर त्याला कुणी हात लावला नव्हता, नर्सबाई शपथेवर सांगत होत्या. वायर मी गुंडाळली होती तशीच. तबकडी तशीच.

फक्त दांडीच्या टोकावर चिकटपट्टीने एक नाणं चिकटवलेलं होतं. जुनी मोठी तांब्याची पेनी, जी चलनातून जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली. 'मार्था'वर आम्ही सगळ्या दांड्यांना तशी लावायचो. जहाज डोलायला लागलं की सुई उडू नये म्हणून वजन.

थेल्माच्या पुढच्या खोलीची फरशी कोरडी होती. मी वाकून बघितलं. पट्टी मात्र अजून ओली होती.