गुरुवारचा फोन

"जयमालाबाई, घात झाला! मैत्रीचं नाव मागे घेतलंय. तिच्या वडिलांनीच!"

फोनवर अंजली मॅडमचा आवाज चिरकला होता. सांगवीच्या फ्लॅटमध्ये जयमालाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. टीव्ही त्या पाहत नव्हत्याच. घरात कुणीतरी बोलत असावं, म्हणून तो सकाळी लागायचा आणि झोपताना बंद व्हायचा.

पोलीस खात्यातून हवालदार म्हणून त्या निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेला होता आणि मुलगा रणजीत जर्मनीत स्थायिक झाला होता. वेळ रग्गड. म्हणून त्यांनी अंजलीच्या संस्थेचं काम अंगावर घेतलं. संस्था दरवर्षी शाळकरी मुलांना नेतृत्वाचे धडे घ्यायला परदेशी पाठवायची. तिथल्या कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, वर्षाने परत यायचं. मुलाखतीची तयारी करून घेणं जयमालाबाईंकडे. आरोपीला बोलतं करण्यापेक्षा लाजऱ्या पोरांना बोलतं करणं फार अवघड असतं, असं त्या म्हणत.

यंदा काळेवाडीच्या मैत्री वाघमारेने जर्मनीची जागा मिळवली होती. तिला आई नव्हती. वडील समाधान भोसरीच्या कंपनीत मशीनवर. आणि पोरगी अशी हुशार, की जयमालाबाई तिच्याबद्दल बोलताना स्वतःच फुशारून जात.

"फोन कधी आला?" जयमालाबाईंनी विचारलं.

"काल, गुरुवारी सकाळी. त्यांच्याच मोबाइलवरून. आमच्याकडे फोन रेकॉर्ड होतात, पाठवते. आज संध्याकाळपर्यंत जर्मनीला नाव कळवायचंय. मैत्री नाही, तर यादीत तिच्या मागची इंद्रायणी."

"बबनरावांची मुलगी?"

"तीच."

जयमालाबाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. मागे मोठी घरघर. कुणी पुरुष ओरडून बोलत होता, "मी मैत्रीचा बाप बोलतोय. पोरीला पाठवायचं नाही. नाव काढा." अंजलीने विचारलं, "हा आवाज कसला येतोय?" माणूस जरा अडखळला. "कंपनीत आहे. मशीन चालू आहे. ठेवतो." आणि फोन बंद होण्याआधी टक् टक् टक्, पत्र्यावर लाकूड आपटल्यासारखं.

अंजली पुण्याची. तिला यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. जयमालाबाईंना वाटलं. भोसरीच्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. समाधानच्या कंपनीलाही तीच.

बोलणारा खोटं बोलत होता.

काळेवाडीत समाधानची खोली कोंडीरामच्या पिठाच्या गिरणीवर होती. वीज गेलेली, गिरणी बंद. भुवयांवर पीठ घेऊन कोंडीराम दारात बसले होते. एरवी जयमालाबाईंना पाहिलं की ते हटकून चार गोष्टी बोलत. आज नुसती मान हलवून आत गेले.

समाधान नुकताच पहिली पाळी करून आला होता. सगळं ऐकल्यावर तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"ताई, मी कशाला असं करीन? सगळ्या कंपनीत पेढे वाटले मी."

"काल सकाळी कुठे होतात?"

"इथंच. बुधवारी नाइट होती. येऊन झोपलो ते दुपारीच उठलो."

"आणि फोन?"

"उशाशी."

"घरात कोण होतं?"

"कुणीच नाही. मैत्री क्लासला गेली होती. दार नुसतं लोटलेलं." तो थांबला. "बबनराव येऊन गेले म्हणे. शेजारणीने पाहिलं. मी झोपलोय बघून परत गेले."

मैत्री ओट्याशी पाठमोरी उभी होती. भांडी घासून झाली होती, तरी ती घासतच होती.

"फोन दाखवा," जयमालाबाई म्हणाल्या.

समाधानने अंगठा टेकवला. फोन उघडला नाही. पुन्हा टेकवला. मग हसून म्हणाला, "मशीनच्या कूलंटमध्ये हात घालून बोटांवरच्या रेषाच गेल्यात, ताई. आधार कार्डाच्या वेळीही बोंब झाली होती. आणि आकडे माझ्या ध्यानात राहत नाहीत. मैत्री, उघड गं."

मैत्रीने हात पुसून अंगठा ठेवला. फोन उघडला. कालच्या यादीत संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयाला केलेला फोन नव्हताच.

"कुणीतरी पुसलाय," जयमालाबाई म्हणाल्या. मैत्रीने फोन बापाला दिला आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

बबनरावांचा बंगला दोन गल्ल्या सोडून होता. जुन्या गावातले जमिनीचे खातेदार. शेतावर आता सोसायट्या उभ्या होत्या आणि त्यांचे टेम्पो चाकणला माल वाहत. झोपाळ्यावर बसून ते शेंगा फोडत होते.

"काल समाधानच्या खोलीवर कशाला गेला होता?"

"बोअरची मोटर बसली, म्हणून दुरुस्तीला बोलवाया. झोपल्यालं माणूस उठवू नये, म्हून परत आलो."

"आत गेलात?"

"न्हाई. दारातनंच बघितलं."

"मैत्रीचं नाव गेलं, तर इंद्रायणीचा नंबर लागतो, हे ठाऊक आहे ना?"

बबनरावांचा हात शेंगेवर थांबला. मग ते एवढ्या मोठ्यानं हसले, की झोपाळा हलला.

"बाई, त्या वाघमाऱ्याच्या पोरीचा नंबर लागला, तवा आमी नारळ फोडला! तिकडं जायाची हौस इंद्रायणीला हाय. मला न्हाई. आता रागानं गप बसती, पर घरात बसती ना? ती वरीसभर गेली, तर हे एवढं घर खायला उठंल मला." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला सांगू नका म्हंजे झालं."

जयमालाबाईंनी तीस वर्षं खोटं ऐकण्यात घालवली होती. हे खोटं नव्हतं.

त्या परत समाधानच्या जिन्याशी पोचल्या, तेव्हा वीज आली होती. गिरणी सुरू होती. एक बाई डबा घेऊन उभी होती आणि कोंडीराम धान्य ओतायच्या चाडीत अडकलेले दाणे खाली पडावेत म्हणून लाकडी दांडक्याने पत्र्यावर ठोकत होते. टक् टक् टक्.

जयमालाबाई पहिल्याच पायरीवर थांबल्या. मग त्यांनी गिरणी बंद करायला सांगितलं आणि कोंडीरामना वर नेलं.

खोलीत चौघे झाले. बसायला कुणी तयार नव्हतं.

"समाधान, तो फोन तुम्ही केला नाही, हे मला सकाळीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तुमची कंपनी बंद. मग घरघर कसली? गुरुवारीही चालणारं, पत्र्यावर दांडकं ठोकावं लागणारं यंत्र. ते याच घराखाली आहे."

कोंडीरामनी टोपी काढून हातात धरली.

"पण कोंडीरामना फोन दिला कुणी? बबनराव दारापर्यंत आले होते. समजा, आत येऊन त्यांनी फोन उचलला. तरी उघडला कसा असता? खुद्द मालकाचा अंगठा तो ओळखत नाही. या जगात एकाच माणसाच्या बोटाने तो उघडतो."

समाधानने हळूच मान वळवली.

"क्लासला निघालीस तू, मैत्री, पण उशाचा फोन घेऊन, आणि गिरणीपर्यंतच. नंतर नोंद पुसलीस, फोन उशाशी ठेवलास आणि मग क्लासला गेलीस."

उत्तर कोंडीरामनी दिलं. "पोरगी रडत व्हती, ताई. नाव काढायचं तर बापाचाच शब्द लागतो म्हणाली. मी येवढंच बोलायचं ठरलं व्हतं. त्या मॅडमनं आवाजाचं इचारलं आन् मला काय सुचंना. कंपनी म्हणून गेलो. गुरुवार हाय, हे ध्यानात आलं न्हाई. गिरणीला कुठली आलीय सुट्टी."

"पण का गं?" समाधानचा आवाज फुटला. "माझ्यासाठी? मी काय लहान पोर आहे?"

मैत्रीने जयमालाबाईंकडे पाहिलं.

"तुमच्यामुळे, मावशी."

"माझ्यामुळे?"

"मी रविवारी तुमच्याकडे तयारीला यायचे, तेव्हा रणजीतदादाचा फोन यायचा. तुम्ही त्याला सांगायचात, मी मजेत आहे, मैत्रिणी येतात, भिशी असते. कुणीच येत नव्हतं, मावशी. फोन ठेवला की तुम्ही तिथंच बसून राहायचात. मी 'येते' म्हटलेलंही तुम्हाला ऐकू जायचं नाही. एकदा माझी वही राहिली, म्हणून परत वर आले. तुम्ही टीव्हीतल्या बाईशी बोलत होतात. जेवलीस का, म्हणून विचारत होतात तिला." तिने नाक पुसलं. "पप्पा नाइट करून येणार आणि या खोलीत असेच बोलणार. ते बघून मी कशी जाऊ?"

कुणालाही पकडताना जयमालाबाईंचा चेहरा कधी हलला नव्हता. आता त्या खुर्चीत बसल्या. इतके दिवस त्या या पोरीला जगापुढे धीटपणे कसं बोलायचं ते शिकवत होत्या, आणि पोरगी गुपचूप त्यांच्याकडून भलतंच शिकत होती.

त्यांनी अंजलीला फोन लावून सगळं सांगितलं. अंजली म्हणाली, "अजून नाव गेलेलं नाही. पण आता मला मैत्रीच्याच तोंडून ऐकायचंय. ती येणार आहे का?"

जयमालाबाईंनी फोन मैत्रीपुढे धरला. मैत्रीने तो घेतला नाही.

"मावशी, खरं सांगा. फार एकटं वाटतं?"

खोटं सांगणं सोपं होतं. दर रविवारचा सराव होता.

"हो," जयमालाबाई म्हणाल्या. "फार वाटतं. कधीकधी संध्याकाळ सरत नाही."

"मग दादाला पाठवल्याचा पस्तावा होत असेल."

"नाही. आज पुन्हा विमानतळावर सोडायला सांग, आज सोडीन. मात्र या वेळी त्याच्याशी खोटं बोलणार नाही."

समाधान पुढे आला. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "मला त्रास होईल, बेटा. होऊ दे. मी तुला सांगत जाईन. पण माझी सोबत करायला म्हणून तू इथं राहिलीस, तर मला तुझ्याकडे बघवणार नाही."

मैत्री रडली, मग फोन हातात घेतला. "मॅडम, मी मैत्री. फोन मीच करायला लावला होता, माफ करा. मी जाणार आहे."

कोंडीराम डोळे पुसत गिरणीत गेले. मैत्री त्यांची समजूत घालायला त्यांच्यामागून उतरली.

"चहा टाकतो, ताई," असं म्हणून समाधान ओट्याच्या पडद्याआड गेला.

आतून ना गॅस पेटल्याचा आवाज आला, ना भांड्याचा. जयमालाबाईंना माहीत होतं, माणूस असा पाठ करून का उभा राहतो. त्यांनी हाक मारली नाही. हातातली पिशवी खाली ठेवली आणि तो बाहेर येईपर्यंत त्या बसून राहिल्या.