तळघरात मांडलेलं पान

त्या दुपारी मी पाव आणायला बाहेर पडले होते, एवढंच. इटलीतल्या आमच्या ऑर्व्हिएतोत नोव्हेंबर लागला की धुकं दरीतून वर चढतं आणि गल्ल्यांत ठाण मांडून बसतं. समोरचा माणूस दिसत नाही, नुसता त्याचा खोकला ऐकू येतो. पिशवी छातीशी धरून मी भिंतीच्या आधाराने घरी येत होते आणि संध्याकाळी काय रांधायचं त्याचा विचार करत होते.

आमचं पोट खाण्यापिण्यावरच चालायचं. माझा धाकटा भाऊ इव्हानो परदेशी पाहुण्यांना गावभर हिंडवायचा. आधी खाटकाकडे रानडुकराचं सॉसेज, मग अक्रोडाच्या पानांत मुरवलेलं मेंढीचं चीज आणि शेवटी कुठल्यातरी तळघरात वाईन. आमच्याकडे घर म्हटलं की त्याच्याखाली मऊ पिवळट दगडात खोदलेलं तळघर आलंच. ते कोणी खोदलं, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. इव्हानोची जीभ म्हणजे देणगी होती. डोळे बांधून पेला दिलात तरी द्राक्षं टेकडीच्या कुठल्या अंगाची ते सांगायचा. शिवाय बोलघेवडा असा, की दगडालाही भूक लागावी. मी स्वयंपाक करायचे आणि त्याला शिव्या घालायचे. त्याच्यावर माझा फार जीव होता.

आमचे बाबा, सेत्तिमिओ, त्याच वर्षी वसंतात गेले. आणि ती दुपार मृतांच्या दिवसाची होती. त्यांचं पहिलं पान मांडायचं होतं. ते काम अर्जिया आत्याचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं. बाबांचा जन्म वाईनच्या पिंपांत गेला म्हणून तिने पान तळघरातच मांडलं. पांढरं कापड, मेणबत्त्या, डुकराच्या कातडीबरोबर शिजवलेला घेवडा आणि बाबांनी स्वतः केलेल्या शेवटच्या वाईनचा भरलेला चंबू. खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली आणि नाव घेऊन हाक मारली, "सेत्तिमिओ, ये रे. पान वाढलंय."

नंतर त्या पानाला सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नसतो. सकाळी आत्या वाईनला जीभ लावून बघते. मेलेली माणसं अन्न खात नाहीत, फक्त चव घेऊन जातात. वाईन पाण्यासारखी लागली, की समजायचं आपलं माणूस येऊन गेलं. मग ती वेलींच्या मुळाशी ओतायची.

तर पाव घेऊन येऊन मी दार उघडलं आणि खालून हसण्याचे आवाज! पायऱ्या उतरून बघते तो इव्हानोचे पाहुणे टेबलाभोवती बसलेले. एक लाल कोटातली डच बाई बाबांच्या खुर्चीत. ज्या खानावळीत त्यांची सोय केली होती, तिचा मालक कुलूप घालून दफनभूमीत फुलं वाहायला गेला होता. मंडळी धुक्यात कुडकुडत होती, म्हणून हा त्यांना घरी घेऊन आला. खाली मेणबत्त्या आणि मांडलेलं टेबल पाहून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांना वाटलं, सगळा थाट आपल्यासाठीच.

मी इव्हानोची बाही धरली. "डोकं फिरलंय का तुझं? बाबांचं पान आहे ते!"

"हळू बोल ना, ताई. बसलेत ते. आता काय उठा म्हणू? मेलेल्या माणसाचं आहे म्हणून सांगू? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि बाबा?"

"बाबांनी कधी पाहुणा उपाशी पाठवला होता? उलट खूष होतील म्हातारबुवा."

ते खरंही होतं. आमच्यात माणसाचा जीव गेला तरी चालतो, पाहुण्यासमोर शोभा होता कामा नये. त्याने चंबू उचलला आणि नेहमीच्या ऐटीत म्हणाला, "या मंडळी! ज्याला ज्याला भूक असेल, त्याने आज आमच्या टेबलाशी बसावं!" सगळ्यांना ओतून झाल्यावर बाबांचा पेला त्याने स्वतः भरला आणि एका दमात रिकामा केला.

त्याच वेळी सगळ्या मेणबत्त्यांच्या ज्योती आतल्या बाजूला कलल्या. आत तर नुसती भिंत आहे. वारा ओढून घ्यायला तिथे फटसुद्धा नाही. पाहुण्यांना फार मजा वाटली.

ते गेले आणि अंधारून येताना आत्या दफनभूमीतून परतली. रिकामा चंबू बघून ती ओरडली नाही, तेच मला लागलं. पायरीवर बसून ती हळूच म्हणाली, "आता तो येईल आणि पुसलेलं ताट बघेल. उपाशी माणूस मग कुठे जातो, निव्हेस? ज्याने त्याचं खाल्लं, त्याच्याच ताटाशी."

मी वर स्वयंपाकघरात भांडी घासत होते. खाली खुर्ची सरकली. मग टेबलावरून तळवा फिरल्याचा आवाज आला... सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत... कोणी अंधारात पावाचा चुरा चाचपत असावं तसा.

"आत्या... ऐकलंस?"

"भांडी घास," आत्या म्हणाली. "आणि खाली बघू नकोस..."

सकाळी इव्हानोने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि थांबला. "ताई, मीठ विसरलीस."

"आपल्या पावात मीठ कधी असतं रे, गाढवा?"

"आणि हॅममध्ये?" तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आधी चव गेली, मग अंगावरचं मांस. दोन माणसांचं जेवण जेवायचा तरी रोज कमरेचा पट्टा आत जायचा. तेर्नीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. पाद्रीबाबा येऊन पवित्र पाणी शिंपडून गेले. आणि हा वेडा तशाही अवस्थेत पाहुण्यांना फिरवत राहिला! जिभेला काही कळत नसताना, नुसत्या आठवणीवर, "आता पीच लागेल, मागून ओला बदाम," असं सांगायचा. पाहुणे मिटक्या मारायचे. मी मोरीत जाऊन रडायचे.

जेवताना तो आपली खुर्ची जरा सरकवून घ्यायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "शेजारी बसतात गं कोणी. बाबाच असणार. जेवू दे त्यांना, मीच त्यांचं खाल्लंय."

आत्याने एकच धीर दिला होता. पुढच्या मृतांच्या दिवशी बाबांचं पान बाबांना मिळालं की ते तृप्त होतील आणि पोराला सोडतील. त्या एका दिवसावर आम्ही वर्ष काढलं. शेवटी शेवटी मी इव्हानोला उचलून खुर्चीत बसवायचे. त्याचं वजन वाळत घातलेल्या कपड्यांइतकं झालं होतं.

तो दिवस आला. आत्याने पान मांडलं, हाक मारली, दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. तिने पेल्याला जीभ लावली आणि लहान मुलीसारखी हसली. "पाणी! नुसतं पाणी, निव्हेस! माझा भाऊ आला गं, पोटभर पिऊन गेला!"

मीही चाखलं. खरंच, विहिरीचं पाणी. मी धावतच वर गेले आणि इव्हानोपुढे हॅम, चीज, ताजी वाईन, हाताला लागेल ते मांडलं. "खा, राजा. बाबा निघून गेले."

त्याने घास घेतला. बराच वेळ चघळला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, आणि मला कळलं.

"काही नाही, ताई."

"नीट चाव ना रे..."

"बाबा नक्की येऊन गेले?"

"हो. मी स्वतः चाखलं."

त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "मग... वर्षभर मी कोणाला जेवू घालतोय?"

तळघरात चंबू उचलून त्यानेच घातलेली हाक मला आठवली, 'ज्याला ज्याला भूक असेल.' नाताळ यायच्या आत माझा भाऊ उपाशी मेला, भरलेल्या ताटासमोर.

यंदा आत्याने दोन पानं मांडली. तिचे हात आता चालत नाहीत म्हणून वाढलं मी. इव्हानोला हाकही मीच मारली. सकाळी बाबांची वाईन पाणी झालेली होती. इव्हानोच्या पेल्याला मी जीभ लावली, तर ती जशीच्या तशी. पीच, ओला बदाम, सगळं जागच्या जागी. माझ्या भावाने ती चाखलीच नव्हती.

आत्या म्हणाली, "वाट चुकला असेल." मी मान डोलावली, कारण त्याच्या ताटाकडे तिचं लक्ष नव्हतं. दार रात्रभर कुलपात होतं, आणि मेलेली माणसं फक्त चव नेतात. पण इव्हानोच्या ताटातला घेवडा संपलेला होता. ताट अजून ओलं होतं, कडेपर्यंत जिभेने चाटलेलं.