रोममधलं फुकटचं पाणी

“अवं, उजवीकडं वळ न! डावीकडं तं नुसती भिंत हाये.”

मी दचकून मोबाईलवरून मान वर केली. बाबांच्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होता. एका हाताला दोन नळ्या, त्या थेट मशीनपर्यंत गेलेल्या, अन् चेहऱ्यावर अशी फुरसत, जसा काही पानठेल्यावर उभा आहे.

“तुले कोणी विचारलं?” मी म्हटलं.

“तासन्‌तास छत पाहत राहतो मी इथं. बाजूले कोणी विदेशात फिरून राहिलं, तं पाहू नोको का?”

डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये मी मंगळवारी अन् शनिवारी बाबांना घेऊन यायची. बाकीचे दिवस आमच्या गावातल्या सिविक सेंटर बाजारातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात बसून लोकांची युरोपची तिकिटं काढायची. स्वतः नागपूरच्या पुढं गेले नव्हते. मग मोबाईलच्या नकाशावर, रस्त्यांचे फोटो उघडून, रोमच्या गल्ल्या फिरायची. कुणाच्या बापाचं काय जातं!

मुलाचं नाव कमलेश. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला. रेल्वेचीच परीक्षा पास झाला, अन् नोकरीआधीच्या मेडिकलमध्ये कळलं की दोन्ही किडन्या गेल्या. आईची किडनी जुळली नाही. हे सगळं त्यानं मला हसत सांगितलं. मला तर रागच आला... इतकं हसायचं कशाला?

मग आम्ही दोघं मिळून मोबाईलवरच रोम फिरायला लागलो. स्टेशनजवळचं स्वस्त हॉस्टेल. वरचा पलंग त्याचा, खालचा माझा. बस नाही, पायी. चर्चमध्ये फुकट शिरायचं, बाहेर पायऱ्यांवर बसून घरून नेलेला चिवडा खायचा. तिथल्या एका जुन्या देवळाच्या घुमटाला मधोमध गोल भोक आहे, त्यातून पाऊस सरळ आत पडतो, असं मी वाचून दाखवलं.

“म्हंजे आमच्या क्वार्टरसारखंच,” तो म्हणाला. “त्याचं तिकीट कायले काढायचं?”

बाबासुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

“अन् हे पाह्य,” मी नादात बोलत सुटले, “रस्त्यारस्त्यावर नळ. थंडगार पाणी, फुकट, दिवसभर वाहून राहते.”

डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून प्यावं लागतं, दिवसभरात जेमतेम लोटाभर. मी जीभ चावली.

“दाखव न,” तो हळूच म्हणाला. “जवळून दाखव.”

मी दाखवलं. तो पाण्याकडं बघत राहिला, मी त्याच्याकडं. त्याचा कंठमणी वर जाऊन खाली आला. प्रेमात कशी पडलीस असं कोणी विचारलं, तर मी हेच सांगीन. पटलं तर पटलं.

माझ्या आईनं ते बरोबर ओळखलं. “तुह्या बाबांचं मी करून राहिली, तं आमचा संसार झाला होता, हर्षा. तू डोळ्यांदेखत विहिरीत उडी कावून घेते?”

मी भांडले नाही. ती खोटं बोलत नव्हती.

दिवाळीनंतर बाबा गेले. सकाळी चहा मागितला, अन् आधण येईस्तोवर गेले. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले. शनिवार आला, अन् मला जायला जागाच उरली नाही. ज्याच्या नावानं तिथं बसायची तो माणूसच नव्हता. तरी मी स्कूटी काढली.

बाबांच्या पलंगावर कोणी नवीन बाई झोपल्या होत्या. कमलेशनं मला पाहिलं अन् तोंड फिरवलं.

“कावून आली? सुटली न तू.”

“असं बोलू नोको.”

“तुही आई आली होती माह्याकडं. हात जोडले तिनं. म्हणे, पोरीले खरोखर रोमले पाठवीन, तू तेवढं तिले सोड.” त्याचा आवाज चिरकला. “जा यार. फोटो पाठव. अन् वापस आल्यावर इकडं फिरकू नोको.”

“जाईन,” मी म्हटलं. “अन् वापस आली का सरळ इथंच येईन.”

“अन् मी नसलो तं?”

मशीन आपली गुरगुरत होती. मला वाटलं होतं, या प्रश्नाचं उत्तर मी घरून तयार करून आणलंय.

“तं रडीन,” मी म्हटलं. “चार लोकांसमोर, गळा काढून रडीन. प्रेम हाये माहं तुह्यावर, गध्या! आता तं आहेस न? मग आताचं बोल.”

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

तेवढ्यात हॉलमधल्या ममता सिस्टर आल्या. कमलेशची आई जेवायला घरी गेली होती, अन् मशीन चालू असताना पेशंटजवळ घरचं माणूस लागतंच. त्या माझ्याकडं बघून अवघडल्या.

“हर्षा, आपके पापा तो... अब आप किसके साथ हो?”

मी तोंड उघडायच्या आत कमलेशनं नळ्या नसलेला हात पुढं केला अन् माझी ओढणी मुठीत धरली.

“मेरे साथ है, सिस्टर,” तो म्हणाला. “घर की है.”

सिस्टरनी पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसले.