शेजारच्या वर्गाची यादी

जो शब्दाच्या आधी होता आणि शब्द सरल्यावरही उरणार आहे, त्या कृपाळू परमेश्वराला प्रथम नमस्कार. ज्या संतांच्या ओव्या म्हणत माझे आयुष्य गेले, त्यांच्या चरणी माथा ठेवतो. त्यांनी आपले अंतःकरण जगापुढे उघडे केले, तरी ते रिते झाले नाही. माझ्या घरी घडले ते याच्या नेमके उलट. दिवा थोडा अलीकडे घ्या आणि स्वस्थ बसून ऐका.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. वाक्यरचना आणि जुनी कविता हे माझे विषय. तेथे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अध्यापक निवडण्याची मुभा असे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात हव्या त्या वर्गात बसावे, मन रमेल तेथे नमुन्याचे एक पान लिहून द्यावे, आणि शनिवारी दुपारपर्यंत त्या अध्यापकाच्या दाराबाहेर टांगलेल्या यादीत स्वहस्ते नाव लिहावे, अशी रीत होती. नाव लिहिण्यापूर्वी विचार बदलला, तर पान परत मिळे. नाव लिहिले, की पान अध्यापकाचे.

विषय कोणी पाहत नसे, पाहत ते माणूस. जिन्यात टोळक्याने उभे राहून मुले आमची पारख करत. "त्यांच्याकडे गुण मिळतात, ह्यांच्याकडे झोप मिळते." झोपेचा मान माझा होता. पाठीमागे मला 'पूर्णविराम' म्हणत, तेही मी ऐकून होतो. माझ्या यादीत सात नावे आली, तर ते वर्ष भरभराटीचे समजायचे.

शेजारच्या खोलीत सर्जनशील लेखन शिकवले जाई. तेथले अध्यापक सडपातळ, करड्या कोटातले, डोळे मिटून ऐकणारे. त्यांच्या यादीसाठी मुले सकाळी फाटक उघडण्याआधी येऊन उभी राहत. ते पहिल्याच तासाला सांगत, "जे कोणालाच सांगितलेलं नाही, ते मला लिहून द्या." आणि मुले देत. काय लिहीत ती! मी दाराआडून ऐकले आहे. माझ्या पोटात मत्सराची आग होती. रोज पहाटे देवापुढे बसूनही ती विझली नाही, हे आज कबूल करतो.

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आली आणि तिनेही शेजारच्या यादीत नाव लिहिले. बापाचा वर्ग सोडून! तिच्या पानाचे कौतुक झाले, ते वर्गात वाचले गेले. मी त्या वेळी मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बसलो. पुढे काही दिवसांनी जेवताना तिने विचारले, "बाबा, लहानपणी मी आजारी असताना तुम्ही कधी माझ्या उशाशी बसला होतात का हो?"

मला तो टोमणा वाटला. महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. नंतर बोललो, पण ते पाव्हण्यांशी बोलावे तसे. ती सासरी गेली, तिला मुलगी झाली, आणि त्या मुलीच्या नवव्या वर्षी ती दुखण्याने गेली. आमच्यातला कोरडेपणा शेवटपर्यंत तसाच राहिला. जावई परदेशी नोकरीला गेला आणि नात माझ्यापाशी आली.

मधल्या काळात एकदा शेजारच्या वर्गातला एक जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला. बुडून गेलेल्या धाकट्या भावावर त्याने असे पान लिहिले होते, की ऐकणारे ओक्साबोक्शी रडले होते. मी सहज त्या भावाचा विषय काढला. तो गोंधळून हसला. "भाऊ? सर, मी एकुलता एक."

त्या क्षणी मला कळले, की त्या खोलीत जे लिहून दिले जाते, ते देणाऱ्याच्या मनातून पुसले जाते. तरीही मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते, तर लोक म्हणाले असते, पूर्णविरामाचा जळफळाट. एवढ्या भीतीने मी तोंड मिटून घेतले. पुढे मी निवृत्त झालो. सहा वर्षांपूर्वी ते अध्यापक वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत मी चाललो आणि मनात म्हटले, सुटलो.

आता नात त्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या गुरुवारी ती उड्या मारतच घरी आली.

"आजोबा, मी वर्ग निवडला! लेखनाचा. सर काय ऐकतात हो... डोळे मिटून!"

माझ्या हातातली पोथी तशीच राहिली. "कोट कसला होता त्यांचा?"

"करडा. का? तुम्ही ओळखता?"

"काय लिहून दिलंस तू?"

"आईवर दिलं. ती वेणी घालताना गुणगुणायची ना, ते. ते कुणालाच माहीत नाही, तुम्हालासुद्धा नाही."

"पान परत घे बाळ. आजच घे. त्या वर्गात बसू नकोस."

तिचा चेहरा उतरला. मग ती थंडपणे म्हणाली, "आई सांगायची, तुमच्या वर्गात कोणी यायचं नाही म्हणून. तुम्हाला अजून राग आहे का त्याचा?"

ते सरळ काळजात घुसले. दोन दिवस मी नाना परीने विनवले. ती बधली नाही. शनिवारी अकराच्या सुमारास ती पुस्तके आणायला महाविद्यालयात निघाली, तेव्हा मीही काठी घेऊन बरोबर गेलो. तिला बाकावर बसवून मी कार्यालयात गेलो. तेथल्या लिपिक बाई माझ्या वेळच्याच.

"सर, त्या खोलीला कुलूप आहे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. मोडके बाक ठेवलेत आत. लेखनाचा विषय तर बंदच झाला."

मी बोळातून पुढे गेलो. बाहेर ऊन रणरणत होते, पण त्या बोळात ओल्या शाईचा वास होता आणि फरशीचा गारवा चपलांतून वर चढत होता. कुलूप कडीला नुसते लटकत होते. दाराशेजारी यादी टांगलेली होती.

पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत नावे होती. सगळी मला ठाऊक असलेली. एकतीस वर्षांत माझ्या दारावरून पुढे गेलेली मुले. मधोमध माझ्या मुलीचे नाव होते, तिच्या उजवीकडे कलणाऱ्या अक्षरात. मी बोट लावले. शाई ओली होती.

नातीचे नाव त्यात नव्हते. दोनदा वाचले, नव्हते. देवाचे आभार मानून मी दार लोटले.

आत मोडक्या बाकांची रास होती. तिच्या पलीकडे, खिडकीकडे पाठ करून, ते बसले होते. डोळे मिटलेले.

"या सर," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आत आलात..."

"माझ्या नातीचं पान द्या."

त्यांनी मेजावर दोन पाने ठेवली. एक नवे करकरीत, एक पिवळे. "दोन्ही तुमच्याच घरातली. एक न्या. एकच..."

पिवळ्या पानावरची पहिली ओळ मला चष्म्याविना वाचता आली. 'बाबा रडले, तेव्हा मी जागी होते.'

मंडळी, मी विचार केला, नाही असे नाही. नातीचे नाव यादीत नाही. नाव नाही तर पान तिचेच. ते यांना ठेवून घेताच येणार नाही. मी तिला आत्ता हात धरून घरी नेईन. असा सगळा हिशेब मी नियमाला धरून केला. पण खरे सांगतो, हिशेबाच्या आधीच माझा हात पिवळ्या पानावर पडला होता.

ते हसले नाहीत. नुसते म्हणाले, "बरं..."

बाहेर येऊन मी नातीपाशी बसलो. "चल घरी. तुझं नाव अजून यादीत गेलेलं नाही, ते बरं झालं."

"गेलं की, आजोबा. सकाळी अंघोळीआधी धावत येऊन लिहून गेले. तुम्ही पूजेत होतात."

"मी पाहिलं. नाव नव्हतं."

"दुसऱ्या पानावर आहे. पहिलं भरलं होतं ना."

दुसरे पान! माझ्या यादीला जन्मात कधी दुसरे पान लागले नव्हते. उलटून पाहावे, हे माझ्या मनातही आले नाही. मी काठी टाकून मागे धावलो. कुलूप गच्च लागलेले होते. यादी नव्हती, तिचा खिळाही नव्हता.

घरी येऊन ते पिवळे पान वाचले. माझी मुलगी दहा वर्षांची, तापाने फणफणलेली. मी उशाशी बसून देवाची स्तोत्रे म्हणतो आहे, चुकतो आहे, पुन्हा सुरू करतो आहे, रडतो आहे. मला लाज वाटू नये म्हणून ती झोपेचे सोंग घेऊन पडली आहे. शेवटी लिहिले होते, 'त्यानंतर बाबा कितीही रागावले, तरी मला कधी भीती वाटली नाही.' इतके प्रेम तिच्यापाशी होते. ते तिने शेजारच्या खोलीत देऊन टाकले, आणि मी ते परत आणले, तर घ्यायला ती नाही.

दुसऱ्या दिवशी केर काढताना नात भिंतीवरच्या आईच्या तसबिरीपुढे थबकली. "आजोबा, ह्या बाई कोण हो? चेहरा छान आहे." आणि पुढच्या खोलीकडे वळली. ती सुखात आहे, हसते, जेवते. तिची लेखणी तर अशी चालते, की मी एकतीस वर्षांत कोणाला तसे लिहायला शिकवू शकलो नाही. वर्गाला जाऊ नको म्हटले, की म्हणते, "कुठला वर्ग? मी तर घरीच लिहिते." परवा मी विचारले, आता काय लिहितेस? म्हणाली, "सरांनी पुढचं पान सांगितलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर."

आत्ता आतल्या खोलीतून लेखणीचा आवाज येतो आहे, ऐकलात? मी देवाचे नाव घेत बसलो आहे. दुसरे काय करणार?

ती पाहा, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. किती अदबीने विचारते आहे.

"काका, तुम्ही कोणाकडे आलात?"

ती तर येथे दारात उभी आहे. आत लेखणी अजून चालूच आहे.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाचे परमेश्वर कल्याण करो. तुमच्या घरातल्या माणसांना एकमेकांची ओळख अखेरपर्यंत राहो, आणि जे बोलायचे ते जिवंतपणीच एकमेकांशी बोलण्याची बुद्धी तो घरोघरी देवो.