कोरी बाजू

दुपारची लादी पुसायला मावशी यंत्राच्या खोलीत शिरली, तेव्हा भाची पडद्याला नाक लावून बसली होती. आईमागे मावशीनेच वाढवलेली पोर. शिकून ढीगभर शहाणी झाली, पण दोन घास खा म्हणून सांगायला अजून मावशीच लागायची.

"डबा उघडलास का?"

"मावशी, हे बघ आधी." खाली बोगद्यात प्रोटॉन समोरासमोर आदळत आणि कणांचे फवारे उडत. एक इकडे उडाला की दुसरा बरोबर उलट दिशेला. भाचीचं सगळं शिक्षण त्या फवाऱ्यांवरच चाललेलं. "तीन दिवस एकच फवारा दिसतोय. दुसरी बाजू कोरी. दर वेळी तीच जागा, खालच्या जिन्यापाशी."

"कोणीतरी गिळत असेल."

"हो, भूत बसलंय तोंड उघडून!" भाची हसली. "तिथला डोळा मेलाय यंत्राचा. बघून येते."

चालकाने यंत्र थांबवलं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाने फळीवरची एक किल्ली खिशात घालायची, आणि सगळ्या किल्ल्या खुंटीला परत लागल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, असा तिथला नियम. भाचीला कसली घाई! दुरुस्तीला निघालेल्या फिटरने घेतलेल्या एका किल्लीवरच त्याच्यामागे पळाली.

अर्ध्या तासाने फिटर एकटाच वर आला. त्याने किल्ली अडकवली. फळी भरली. चालकाचा हात बटणाकडे गेला.

"पोर कुठंय?" मावशीने विचारलं.

"ती तर कधीच वर आली. माझ्यासमोर जिना चढली."

"तोंड पाहिलंस?"

फिटरचा चेहरा उतरला. "पाठमोरी होती, मावशी..."

मावशीने फळीवरची किल्ली हिसकावली आणि मुठीत आवळली. "आता दाब बटण! दाब ना!"

फिटर धावत खाली गेला. भाचीला घेऊन आला, तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते आणि कपड्यांना ओल्या लोखंडाचा वास येत होता.

"खालचं दार लागलं होतं गं," ती पुटपुटली. "मी हाका मारत होते... आणि जिन्यावरून माझ्याच आवाजात कोणीतरी ओ देत होतं. ओ देत... वर वर जात होतं."

मावशीने तिला दाराशी बसवलं, पदराने तिचं तोंड पुसलं. सगळी माणसं दोनदा मोजली, मगच किल्ली अडकवली.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर फवारा उडाला. एकच. जिन्याची जागा आता भरली होती. कोरी बाजू वर सरकली होती, थेट या खोलीत.

चालकाने पडद्यावर कोऱ्या बाजूची दिशा बोटाने धरली आणि हळूच मान वळवली. पलीकडच्या टेबलाजवळ भाचीची रिकामी खुर्ची होती. टेबलावर डबा उघडा होता. दोन घास कमी झाले होते.

"डबा उघडलास का?" मावशीने विचारलं. या वेळी अगदी हळू.

भाचीने मावशीचा हात घट्ट धरला.

"नाही गं..."

खुर्ची कुरकुरली.