जोडीदाराचा रविवार

चिठ्ठीत त्याचं नाव निघालं तेव्हा मला कळलं की जिन्यावर रोज बाजूला सरकून मला आधी जाऊ देणाऱ्या त्या उंच मुलाला रत्नदीप म्हणतात.

आमचा इंग्रजीचा क्लास बोरगाव मेघ्यात, एका पिठाच्या चक्कीच्या वरच्या खोलीत भरतो. शिकवतात प्रमिलाबाई. शाळेतून रिटायर झाल्या, पण आवाज काही रिटायर झालेला नाही. नोव्हेंबरात भूतकाळ सुरू झाला आणि बाईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. महिनाभर जोडी तीच. स्वतःचं काही सांगायचं नाही. जोडीदारानं काल काय केलं ते विचारून घ्यायचं आणि वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगायचं, वाक्याला वाक्य जोडून.

"नुसतं ‘अँड’, ‘अँड’ करून मालगाडी नको," बाई म्हणाल्या. "मधे ‘बट’ येऊ द्या, ‘सो’ येऊ द्या. अन् ‘बिकॉज’ तर आलाच पाहिजे."

मी नर्स आहे. नागपूरच्या दवाखान्यात मुलाखत द्यायची म्हणून हा खटाटोप. रत्नदीपचं आंजीला बी-बियाण्याचं दुकान. कंपनीचे साहेब इंग्रजीत बोलतात आणि हा नंदीबैलासारखी मान हलवतो, असं त्यानंच सांगितलं.

"काल काय केलं तुम्ही?" पहिल्या दिवशी मी वही उघडून विचारलं.

"दुकान उघडलं अन् दुकान बंद केलं."

"मधे काईच नाई झालं?"

"मधे..." तो वहीकडेच बघत होता. "तुम्ही काय विचारसान, याचा विचार केला."

मी खाली मान घालून दुकान उघडल्याचं आणि बंद केल्याचं तेवढं लिहून घेतलं.

मग रोज संध्याकाळी आठला फोन सुरू झाले. अभ्यासाचेच हो! पण ‘आणि’ म्हणायला काही लागत नाही. ‘कारण’ म्हटलं की पोटातलं ओठावर आणावं लागतं. एकदा मी त्याला सांगून बसले की दोन महिने माझ्या वॉर्डात पेशंट असलेली एक आजी घरी गेली, पण मी तिला निरोप द्यायला गेले नाही, कारण मला रडू आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते वर्गात सांगितलं. अडखळत, शब्द शोधत... पण इतक्या जपून, की मला वाटलं, माझं मन या माणसाच्या हाती सुखरूप आहे. आवडला मला तो. उगाच आडवळणानं कशाला सांगू?

आणि मग तो शनिवारचा फोन.

"उद्या सिंदीले जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "मुलगी पाह्याले. आई अन् बापूमामा लयच मागं लागले."

"बरं."

"तुमचं काई म्हणणं...?"

"माहं काय म्हणणं राहणार? सोमवारी वर्गात सांगाले सोपं जाईल."

फोन ठेवला आणि महिनाभर मनात खाल्लेले मांडे एकदम घशात अडकले. रविवारी माझी सुट्टी होती. मी माझ्यासोबतच्या नर्सची, सपनाची ड्युटी मागून घेतली, फोन बंद करून टाकला आणि मुक्कामाला नर्सेसच्या हॉस्टेलवर गेले. आठ वाजता त्याच्या तोंडून ‘पसंत आहे’ हे शब्द मला ऐकायचे नव्हते.

सोमवारी तशीच ड्युटीवरून क्लासला आले. जिन्यात फोन सुरू केला तर आईचे अकरा मिस्ड कॉल! जेवली का विचारायचं असेल म्हणून मी तो पर्समध्ये टाकला.

पहिला नंबर माझाच लागला. वही कोरी होती.

"यस्टरडे रत्नदीप वेंट टू सिंदी अँड सॉ अ गर्ल," मी म्हणाले.

"अँड?" बाईंनी विचारलं.

"अँड... ही लाइक्ड हर."

"मॅडम, चूक आहे," मागून रत्नदीप म्हणाला.

"जोडीदाराला न विचारता सांगितलं की अशीच चूक होते," बाई माझ्यावर डाफरल्या. "रत्नदीप, तू सांग माधवीचा रविवार."

तो उभा राहिला. त्याच्या त्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यानं सांगितलं ते असं: माधवीचा फोन काल बंद होता, म्हणून मी सिंदीहून परत येताना तिच्या घरी थांबलो, कारण मला तिचा रविवार हवा होता. पण माधवी घरी नव्हती. माझा शर्ट इस्त्रीचा होता आणि सोबत आई आणि मामा होते, म्हणून तिच्या आईला वाटलं, आम्ही मुलगी पाहायला आलो...

माझ्या हातातला पेन खाली पडला. अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

तो पुढे सांगतच होता: तिच्या आईनं शेजारच्या दोघींना बोलावलं आणि पोहे केले. मी सिंदीला पोहे खाल्ले होते, पण पुन्हा खाल्ले.

"व्हाय?" बाईंनी विचारलं.

"बिकॉज..." इथं त्याचं इंग्रजी संपलं. "मॅडम, तिच्या आईनं विचारलं, मुलगी पसंत आहे काय. माह्या तोंडून होय निघून गेलं. माही आई पाहतच राह्यली. मग भिंतीवरच्या माधवीच्या फोटोकडं पाहून म्हणे, ‘रोज आठ वाजताची ते हेच काय?’"

वर्ग खो-खो हसत होता. मला हसू येत होतं, रडूही येत होतं.

"अन् सिंदीवाले?" बाईंनाच राहवेना.

"त्यायले मामानं कालच फोनवर हात जोडून नाई सांगतलं. एका दिवशी दोन घरी होय म्हणता येत नाई, मॅडम."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," बाई म्हणाल्या. वर्गात मराठी म्हणी टाकायच्या नाहीत, हा नियम त्यांचाच होता.

क्लास सुटला. सगळे पटापट पांगले, आमच्यासाठीच पांगले असावेत. चक्की सुरू होती, जिना थरथरत होता. रत्नदीप माझ्या एक पायरी खाली थांबला होता, तरी त्याचे डोळे माझ्या बरोबरीला येत होते.

"माधवी, तुह्या आईनं मले विचारलं," तो हळूच म्हणाला. महिनाभराचं ‘तुम्ही’ कुठं गळून पडलं, त्यालाही कळलं नसावं. "पण तुले कोणीच विचारलं नाई. तू नाई म्हणशीन... तर आत्ताच जाऊन तुह्या आईची माफी मागतो."

"सुट्टीच्या दिवशी मी ड्युटी काऊन घेतली, माहीत आहे?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

"तुले दुसरी कोणी आवडली, हे माह्याच्यानं ऐकवलं नसतं."

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. त्याचे कान लालेलाल झाले.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग रविवारी येजो. आईले घेऊन. या खेपेले मी घरी राहीन."

तो मान हलवून चार पायऱ्या उतरला, थांबला, परत वर आला आणि किती वाजता येऊ ते विचारून गेला.